अळणी नाही

तुम्हा सगळ्यांना वाटतं ना, की आमच्या टाकीतून पहिलं मटण बाहेर आलं त्या दिवशी आम्ही जिंकलो? पेपरात फोटो आले, पेढे वाटले, सगळं खरं. पण त्या दिवशी आम्ही सपशेल आपटलो होतो, आणि आपटलोय हेच आम्हाला कळलं नव्हतं. एका शब्दामुळे. थांबा, नीट सांगते. मध्ये कुणी बोलू नका, नाहीतर माझा धागा सुटेल.

बकऱ्यांच्या साथी लागोपाठ आल्या ते तुम्हाला आठवतच असेल. त्यात चाऱ्याची बोंब. मटण इतकं महागलं की लोक फक्त सणाला खायला लागले, आणि हे मी कोल्हापुरातलं सांगतेय. कोंबड्यांच्या शेडमध्ये इतकी औषधं ओतली जात होती की जंतू निगरगट्ट झाले, माणसाला साधी जखम चिघळली तरी गोळ्या लागू पडेनात. काहीतरी वेगळं करायला हवं, असं सगळेच म्हणत होते आणि पैसे कुणीच लावत नव्हतं.

मग विलासिनी सुखटणकर पुढे आल्या. ऐंशीला टेकलेल्या, मुंबईच्या. कारखान्यांना लागणारे व्हॉल्व्ह बनवायची त्यांची कंपनी होती, ती विकली आणि सगळा पैसा एका निधीत घातला. निधीचं काम एकच: प्राणी न कापता लोकांचं आवडीचं जेवण ताटात आणायचं. अटी मात्र खमक्या. जे शोध लागतील ते सगळ्यांना खुले, पेटंट नाही. आणि या बदलात ज्यांचा धंदा जाणार, शेवटी कारखाना त्यांच्याच हातात द्यायचा. कोल्हापुरात म्हणजे खाटीक समाजाच्या सोसायटीच्या हातात. पण सोसायटीनं स्वतःहून मागितला तरच. नाही मागितला तर टाक्या परराज्यातल्या एका कंपनीला जाणार, तिला त्यात नगेट्स बनवून परदेशी पाठवायचे होते. मुदत होती तळेवाडीच्या म्हाईपर्यंत. म्हाई म्हणजे आमच्याकडचं देवीच्या नावाचं गावजेवण, अख्खा गाव आणि गावाचे सगळे पाहुणे एकाच दिवशी मटणाला.

आणि या सोसायटीचा अध्यक्ष कोण? दिलीप कोतमिरे. माझे पप्पा.

आमचं मटणाचं दुकान आजोबांपासूनचं. मी शिकले, इंजिनिअर झाले, आणि नोकरी कुठं धरली तर त्या टाकीवर. तेव्हापासून पप्पा माझ्याशी फक्त "जेवलीस का" एवढंच बोलायचे. रोज फोन, रोज तेवढंच. टाकी नगेट्सवाल्यांकडे गेली तर माझी नोकरी जायची ते सोडा. आमच्या गल्लीतली सगळी दुकानं एकेक करून बंद पडणार आणि पप्पांच्या हातात काहीच राहणार नाही, हे मला दिसत होतं. मला ती टाकी पप्पांना द्यायची होती. बस, एवढंच हवं होतं मला.

आता टाकीचं. बकऱ्याच्या मांडीतून सुईनं चिमूटभर पेशी काढायच्या. बकरा जिवंतच. त्या पेशींना साखर, क्षार, प्रथिनं घातलेल्या कोमट पाण्यात ठेवायचं. अंगात असल्यासारखं वाटलं की त्या वाढतात, एकीच्या दोन, दोनाच्या चार. मग त्यांना धाग्यांच्या जाळीवर बसवायचं, म्हणजे त्या एका दिशेनं ताणल्या जाऊन मांसाचा तंतू बनवतात. झालं मटण. खोटं नाही बरं का, मटणच, फक्त बकऱ्याच्या बाहेर वाढलेलं.

निधीतर्फे कोल्हापूरचं काम बघायचा तन्मय देवस्थळी. पुण्याचा, अतिशय सज्जन, शर्टाला कडक इस्त्री. त्यानं खानावळींचे आणि गावजेवणांचे आचारी बोलावून चव बघायचा कार्यक्रम ठेवला. मी नेमकी तेव्हा पुण्याच्या प्रयोगशाळेत अडकले होते. संध्याकाळी त्याचा फोन आला, आवाजात नुसता आनंद. म्हणाला, तुकडा सगळ्यांना आवडला, आणि रश्श्याबद्दल तर प्रत्येकानं न विचारता एकच सांगितलं.

मी विचारलं, काय सांगितलं?

"म्हणाले, अळणी नाही."

 मी त्याला म्हटलं, तन्मय, नक्की कसं म्हणाले ते सांग. त्यानं हुबेहूब नक्कल केली, मान हलवून, ओठ मुडपून: "अळणी न्हाई ह्यात." आणि वर म्हणाला, बघ ना, मीठसुद्धा मीच बेतानं घातलं होतं.

तुम्ही हसताय, कारण हा समीर कोल्हापूरचा आहे आणि तो आधीच फुटलाय. बाकीच्यांसाठी सांगते. पुण्यात अळणी म्हणजे मीठ नसलेलं. कोल्हापुरात अळणी म्हणजे मटण शिजवलेलं पाणी. तिखट-मसाला पडायच्या आधीचं, हळद आणि आलं-लसणाचं, हाडांचा सगळा अर्क उतरलेलं. त्यातूनच तांबडा रस्सा होतो, त्यातूनच पांढरा. लहान पोरांना पहिला घास अळणीचा. आजारातून उठलेल्याला अळणी, बाळंतिणीला अळणी. आचारी तन्मयला तोंडावर सांगत होते की यात अळणीच नाही, म्हणजे यात काहीच नाही. आणि त्या देवमाणसानं निधीच्या विश्वस्तांना कळवून टाकलं की चवीचा प्रश्न सुटला.

चूक आमच्या विज्ञानाचीच होती. आम्ही तुकडा वाढवला होता, हाड कुठं वाढवलं होतं? हाड नाही तर मज्जा नाही, सांध्याची मऊ कूर्चा नाही, चिकटपणा नाही. आमचं मटण कितीही उकळा, पाणी ते पाणीच.

मी तन्मयला अर्थ सांगितला. मग त्यानं हळूच विचारलं, "सगळेच तसं म्हणत होते?" मी म्हटलं, सगळेच.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मुंबईला, विलासिनीबाईंच्या घरी. त्या जेवत होत्या. ताटात तळलेला बांगडा. मला वाटलं होतं, जनावरं वाचवायला निघालेली बाई म्हणजे पालक-मेथीवाली असणार. तर त्या काटा काढता काढता म्हणाल्या, मासे सुटत नाहीत गं माझ्याच्यानं, म्हणून तर मला कळतं लोकांना काय सोडायला सांगतेय ते.

तन्मयनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, शेवटी राजीनाम्याचा लिफाफा टेबलावर ठेवला. बाईंनी तो उचलून त्यावर बांगड्याचे काटे ठेवले. मग माझ्याकडे वळून विचारलं, तुमच्याकडे माणूस नक्की काय खातो, मटण की रस्सा?

मी म्हटलं, रस्सा. मटण त्यात असतं म्हणून खातो.

"मग इतकी वर्षं आपण चुकीची वस्तू बनवत होतो," बाई म्हणाल्या. त्या रागावल्यात की खूश आहेत तेच कळेना. विश्वस्तांना तसंही कोल्हापूर गुंडाळायचं होतं, कंपनीवाले रोज फोन करत होते. बाईंनी हात धुतले आणि आम्हाला म्हणाल्या, "हे बघा, कंपनीला चूक परवडत नाही. मला परवडते. माझ्या पैशाचा उपयोगच तो. म्हाईपर्यंत मी विश्वस्तांना थोपवते. तुम्ही हाड करा."

हाड करा. जसं काही चहा करा.

हाड करायचं तर मांडीतल्या पेशी उपयोगाच्या नव्हत्या, मज्जेतल्या हव्या होत्या. मज्जेत एक अशी पेशी असते की तिला वळण लावू तशी ती होते. एक खूण दिली तर हाड, दुसरी दिली तर कूर्चा, तिसरी दिली तर चरबी. पण त्यासाठी चांगला, तरणा, डोंगरात चरलेला बकरा हवा. आणि साथीनंतर असा बकरा कुणाकडे मिळणार? मी दुकानात गेले.

पप्पा गिऱ्हाईक करत होते. मी बाजूला उभी राहिले. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाले, "जेवलीस का?"

म्हटलं, न्हाई. बकरा पायजे.

मग जे साठलं होतं ते सगळं बाहेर आलं. पप्पांचं म्हणणं असं, की हा सगळा श्रीमंतांचा खेळ. आधी आमच्या हातातला सुरा काढून घेणार आणि मग आम्हालाच दया शिकवणार. त्यांनी सांगितलं ते मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. "बाईंना पुण्य मिळनार, कंपनीला टाक्या मिळनार. आमाला काय मिळनार, डोक्याला घालायला जाळीच्या टोप्या?"

मी म्हटलं, पप्पा, टाकी तुमाला मिळनार. मागितली तर. कुनी बाई स्वतःची कंपनी विकून तुमच्या गल्लीला कारखाना देतीया आणि तुमी रुसून बसलाय.

"मागायला काय भिकारी हाय का मी?"

"मालक म्हनून मागा की."

 पप्पा बराच वेळ लाकडी ठोकळा पुसत बसले, जो आधीच स्वच्छ होता. शेवटी म्हणाले, तुमच्यात अळणी न्हाई असं आचारी सगळीकडं सांगत फिरत्यात, माझी मान खाली जातीया. आधी अळणी करून दाखव, मग बाकीचं बोलू. आणि बकरा उद्या देतो.

बकरा आला काळाभोर, शिंगं वळलेली. जनावरांच्या डॉक्टरांनी कमरेची जागा बधिर केली, सुई घातली, थोडी मज्जा काढली, वर पट्टी लावली. बकरा उठला, अंग झाडलं आणि समोरचा पाला खायला लागला. पप्पा बघतच राहिले. आयुष्यभर त्यांच्या दुकानात आलेला बकरा परत चालत गेला नव्हता. म्हणाले, "आता ह्याचं काय करायचं?" आणि खरंच त्यांना सुचत नव्हतं. आमच्या घरी बकरा बांधायची सोयच नव्हती, कारण कधी लागलीच नव्हती.

पुढचं काम सांगताना मला अजून धाप लागते. आम्ही बाजरीच्या दाण्याएवढे चुनखडीचे मणी केले, भोकाभोकांचे, आणि त्यांवर मज्जेच्या पेशी बसवल्या. काही मण्यांना हाड हो म्हणून सांगितलं, काहींना कूर्चा, काहींना चरबी. मणी भरले, उकळले, आणि निघालं पाणी. पुन्हा केले, पुन्हा पाणी. पेशी जिवंत होत्या पण काम करत नव्हत्या, नुसत्या बसून होत्या. मग डोक्यात आलं, हाडाला ओझं लागतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची हाडं ठिसूळ होतात ना, तेच. पेशीला दाब जाणवला तरच ती हाडाचा चिवट धागा विणते, आणि तोच धागा उकळला की रश्श्याला अंग येतं. आमच्या टाकीत पेशी मऊ गादीवर झोपल्यासारख्या ऐश करत होत्या. आम्ही टाकीतला दाब खालीवर करायला लागलो, बकरा डोंगर चढतोय तसा. बाईंच्या जुन्या कंपनीतले दोन निवृत्त कारागीर येऊन व्हॉल्व्ह बसवून गेले, बाईंनीच धाडले होते.

आता अंग आलं, पण वास नाही. बकऱ्याचा तो वास म्हणजे चरबीतली दोन-तीन आम्लं, त्यांच्या साखळीला आडवी फांदी फुटलेली असते. बकऱ्याच्या पोटातले जंतू त्याचा कच्चा माल पुरवतात, आमच्या टाकीत पोट कुठलं? मग तो कच्चा माल आम्ही वेगळ्या भांड्यात जंतूंकडून आंबवून घेतला आणि चरबीच्या मण्यांना खाऊ घातला. जास्त झाला तेव्हा अख्खी प्रयोगशाळा बोकडासारखी दरवळली. तन्मय दोन दिवस रजेवर.

आणि एका दुपारी, मणी फडक्यात बांधून उकळलेलं पाणी थंड करायला ठेवलं होतं, मी भांडं काढलं आणि हलवलं. ते थरथरलं. जेलीसारखं. मी तिथेच खाली फरशीवर बसले आणि रडले, खोटं कशाला बोलू.

तपासण्या झाल्या, अन्नखात्याची मंजुरी आली, आणि म्हाई आली.

तळेवाडीच्या म्हाईचे आचारी तात्या मगदूम. मानाचे आचारी, आणि पहिल्या चवीच्या दिवशी सगळ्यात मोठ्यानं "अळणी न्हाई" म्हणाले होते तेच. गावानं ठरवलं होतं की देवीचा बकरा देवीचा, त्यात कुणी बोलायचं नाही, पण गावजेवणाचे हंडे आमचे. एवढ्या बकऱ्यांचा खर्च झेपायचे दिवस गेलेच होते. तरी तात्यांनी मला बजावलं होतं, की पोरी, वाईट झालं तर मी वाईटच म्हननार, गावात माझं नाव हाय.

हंड्यात मण्यांची गाठोडी सोडली, आमच्या मटणाचे तुकडे घातले, हळद, आलं-लसूण. उकळी आली. वास सुटला तशी माणसं पारावरून उठून जवळ यायला लागली. तात्यांनी पळी घातली, फुंकर मारली, चाखली.  पुन्हा चाखली. मग मागं वळून ओरडले, पोरांच्या वाट्या आना रे.

वाट्या आल्या, गेल्या, परत आल्या. तन्मय माझा दंड इतका घट्ट धरून उभा होता की वळ उठले. पण पप्पा लांब उभे, हाताची घडी घातलेली. सोसायटीची सगळी माणसं त्यांच्या मागं. पप्पा हलत नाहीत तोवर ती हलणार नव्हती. आणि टाक्या न्यायला कंपनीचा ट्रक कोल्हापुरात येऊन थांबलाय, हेही सगळ्यांना माहीत होतं.

तेवढ्यात गर्दीतून एक बाई पुढं आल्या. शालन चौगुले, त्यांची मुलगी नुकतीच बाळंत झालेली, घरी झोपलेली. हातात पितळी डबा. हंड्यापाशी आल्या आणि थांबल्या. तात्यांकडं नाही बघितलं, माझ्याकडंही नाही. सरळ पप्पांकडं वळल्या.

"आण्णा, तुमच्या दुकानच्या मटनाचीच अळणी देत आलोय आमी. ही न्हेऊ का? वल्या बाळंतिणीला?"

अख्खा पार पप्पांकडं बघायला लागला. कारण स्वतः खाणं वेगळं आणि बाळंतिणीला देणं वेगळं. आमच्याकडं खाटकावर विश्वास टाकतात तो इथं टाकतात. पप्पा खोटं बोलले असते तर ते सगळ्यांना कळलं असतं, आणि ते कधी बोलतच नाहीत. माझे कागद, मंजुऱ्या, तपासण्या, सगळं माझ्या पिशवीत होतं. ते कुणी मागितलं नाही.

पप्पा चालत आले. तात्यांच्या हातून पळी घेतली. वाटीत ओतली, बोटांत थेंब धरून अंगठ्यानं चोळला, चिकटतोय का बघितलं. वास घेतला. मग प्यायले, सगळी वाटी, सावकाश. वाटी खाली ठेवली. माझ्याकडं बघितलं, आणि शालनकाकूंना म्हणाले,

"माझ्या पोरीनं केलीया. बिनघोर न्हे. आनि डबा ल्हान आनलाईस, मोठा आन."

बास. पुढचं मला नीट दिसलंच नाही, डोळे भरले होते. एवढं आठवतं की तन्मय एका म्हाताऱ्याच्या गळ्यात पडला होता आणि तो म्हातारा विचारत होता, हा कोन पावना. तांबडा झाला, पांढरा झाला, पंगती उठल्या, बसल्या. आणि पप्पांनी तिथंच पारावर, हात धुऊन, सोसायटीच्या माणसांना गोल बसवलं. आम्ही टाकी मागतोय, असा ठराव त्यांनी स्वतः तोंडी सांगितला. दोघं-तिघं नाही म्हणाले, आम्ही आमचं जुनंच करणार म्हणाले. पप्पा म्हणाले, करा की, दुकान तुमचं हाय. बाकी सगळ्यांचे हात वर.

विलासिनीबाईंना फोन लावला तर त्या म्हणाल्या, चला, कोल्हापूरच्या निधीला आता टाळं लावते. मी घाबरले, म्हटलं बाई, आत्ताच तर सुरू झालंय. त्या हसल्या. म्हणाल्या, "अगं, माझी गरज संपली याचा आनंद तुला कळायचा नाही. कोकणातून फोन आलाय, सुक्या मासळीवाल्यांचा. तिकडे निघालेय मी."

आता शेवटचं. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचा ट्रक कारखान्याच्या दारात हजर. त्यांचे दोन साहेब, हातात टाक्यांच्या मापांचे नकाशे. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. दारात पप्पा. डोक्याला जाळीची टोपी, आणि ती त्यांना अजिबात शोभत नव्हती. साहेबांनी टाक्या मागितल्या. पप्पा म्हणाले, टाक्या न्हाई मिळायच्या, सोसायटीच्या झाल्या. साहेबांचे चेहरे पडले. लांबून आले होते बिचारे. मग पप्पाच म्हणाले, आलाय तर जेवून जावा.

जेवले. पांढऱ्या रश्श्याची पहिली वाटी घेतली, मग दुसरी. तिसऱ्या वाटीला मोठ्या साहेबांनी विचारलं, यात नेमकं काय आहे? पप्पांनी त्यांना मूठभर मणी दाखवले, हाड, मज्जा, चरबी, सगळं समजावून सांगितलं, कृतीसकट, कारण लपवायचं नाही ही अटच होती. साहेब म्हणाले, एवढं शिकून आमचा कारखाना उभा करायला आम्हाला दोन वर्षं लागतील. पप्पा म्हणाले, लागू द्या की. तोवर आमच्याकडनं न्या.

दुपारी ट्रक निघाला. टाक्या न्यायला आलेला तो ट्रक आमच्या गल्लीच्या पोरांनी खोक्यांनी गच्च भरला होता, वाळवलेले मणी, प्रत्येक खोक्यावर सोसायटीचा शिक्का. आणि पप्पा मागच्या फाळक्याला कडी घालून ड्रायव्हरला सांगत होते, सावकाश ने रे, हाडं हायती आत.